चिठ्ठी, अडचण आणि दुसरी फेरी: मराठी शिकवताना रोल प्ले कसा घ्यावा

भाजीवाला आणि गिऱ्हाईक हा संवाद मराठी शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांत असतो. भाजीवाला विचारतो, 'आपणांस काय हवे आहे?' गिऱ्हाईक म्हणतं, 'मला एक किलो बटाटे हवे आहेत.' दोघं तो संवाद पाठ करतात, वर्गासमोर उभं राहून म्हणतात, टाळ्या पडतात. त्याच संध्याकाळी त्यांच्यातला एक जण मंडईत जातो. भाजीवाली मान वर न करता म्हणते, 'तीस रुपये पाव, पन्नासला अर्धा. सुट्टे द्या बरं का.' आणि इतके दिवस शिकलेलं मराठी तिथल्या तिथे आटतं. गडी सरळ हिंदीवर येतो.

नोकरीधंद्यासाठी महाराष्ट्रात आलेल्या मोठ्या माणसांना मी मराठी शिकवते. संध्याकाळचा वर्ग, दहा-पंधरा जण. त्यात रुग्णालयातल्या परिचारिका असतात, बँकेतले कर्मचारी असतात, संगणकाच्या कंपन्यांतले असतात, लग्न होऊन मराठी घरात आलेल्या सुना असतात. सुरुवातीची दोन वर्षं मीही संवाद पाठ करून घेत होते आणि त्याला रोल प्ले म्हणत होते. डी.एड., बी.एड.च्या पुस्तकांत याला नाट्यीकरण किंवा भूमिकाभिनय म्हणतात. त्या शब्दांमुळे आपल्या डोळ्यांसमोर उगाच स्नेहसंमेलन उभं राहतं. रोल प्ले म्हणजे नाटक बसवणं नव्हे. पुढचा माणूस काय बोलणार हे माहीत नसताना बोलावं लागणं, एवढाच त्याचा गाभा आहे. ते नसेल तर कितीही हावभाव केले तरी ते पाठांतरच.

हा लेख मराठी शिकवण्याबद्दल आहे, पण इंग्रजी, कन्नड, जर्मन काहीही शिकवत असाल तरी पायऱ्या याच राहतील. फक्त अडणाऱ्या जागा बदलतील.

प्रसंग कुठून आणायचा

पुस्तकातून नको. आठवड्याच्या पहिल्या तासाला एकच प्रश्न विचारा: 'या आठवड्यात मराठी न आल्यामुळे कुठे अडलं?' पहिल्यांदा सगळे गप्प बसतात. मग कुणीतरी सांगतं की सोसायटीच्या सेक्रेटरींनी पार्किंगवरून काहीतरी सुनावलं, कळलं नाही म्हणून नुसती मान हलवली. कुणी म्हणतं, रिक्षावाल्याला गल्ली सांगता आली नाही. एका परिचारिकेनं सांगितलं होतं, 'आजी म्हणाल्या कसंतरी होतंय. मी शब्दकोशात पाहिलं. कसंतरी म्हणजे काय होतंय?'

हे सगळं वहीत लिहून ठेवा. माझ्याकडे अशी दोनशे पानी वही आहे आणि वर्गाचा अभ्यासक्रम खरं तर तीच आहे. 'कसंतरी होतंय' या दोन शब्दांतून एक आख्खा तास निघाला: मळमळतंय, चक्कर येतेय, पोटात कळ येते, गुडघा ठणकतोय, छातीत जळजळतंय, धाप लागते, अंग मोडून आलंय. दुखण्याचं एवढं बारीक मोजमाप मराठीत आहे आणि आपण पहिल्या धड्यात 'माझे डोके दुखत आहे' शिकवून मोकळे होतो.

प्रसंग निवडताना एक चाळणी लावा. त्यात दोन माणसांना एकमेकांकडून काहीतरी हवं असलं पाहिजे. 'दोन मित्र पावसाळ्याबद्दल बोलतात' हा प्रसंग दीड मिनिटात मरतो, कारण कुणाचंच काही अडलेलं नसतं.

कोण कोणाशी बोलतंय, हे आधी ठरवा

मराठीत हे ठरवल्याशिवाय पहिलं वाक्यसुद्धा तयार होत नाही. तू, तुम्ही की आपण? नुसतं व्याकरण आलं म्हणजे भाषा आली असं नाही. कुणाशी, केव्हा, कसं बोलायचं याचं भान हाही भाषेच्या ज्ञानाचाच भाग, असं भाषावैज्ञानिक डेल हाइम्स यांनी मांडलं. त्या विचारातूनच १९७० च्या दशकात संवादावर भर देणारी भाषाशिक्षणाची पद्धत पुढे आली. मराठी शिकवणाऱ्याला हे पटायला वेळ लागत नाही, कारण 'तू' चुकला की प्रसंगच बिघडतो.

गंमत अशी की हे सरळ कोष्टकात बसत नाही. वॉर्डातली आजी सिस्टरला म्हणते, 'बाळा, इकडे ये गं.' सिस्टरनं उत्तर द्यायचं, 'आले आजी, काय होतंय तुम्हाला?' तिकडून तू, इकडून तुम्ही. आजीनं 'तू' म्हटलं म्हणून आपणही 'तू' म्हटलं तर भोवतीचे नातेवाईक वळून बघतील. पण त्याच सिस्टरचं मराठी घरात लग्न झालं, तर नवऱ्याच्या आजीला घरातले सगळे 'तू'च म्हणत असण्याची शक्यता बरीच. सासूला अहो-जाहो की ए-आई, हे घराघरावर. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर नातं लिहायचंच. भाजीवाली असेल तर 'मावशी' की 'ताई', रिक्षावाला असेल तर 'दादा' की 'काका', हेही वर्गाला आधी ठरवू द्या. वयाचा अंदाज चुकून पस्तिशीच्या बाईला 'आजी' म्हटलं तर काय होतं, हा स्वतंत्र रोल प्ले होऊ शकतो. माझ्या वर्गात तो झाला आहे.

चिठ्ठी: सगळी मेहनत इथे

एका तासाचा रोल प्ले घ्यायचा असेल तर अर्धा तास चिठ्ठ्या लिहिण्यात जातो, आणि जाऊ द्यावा. चिठ्ठीवर संवाद लिहायचा नाही. तीन गोष्टी लिहायच्या: तुम्ही कोण, तुम्हाला काय हवंय, आणि समोरच्याला माहीत नसलेली एक गोष्ट. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. तिला मी 'अडचण' म्हणते.

या अडचणीमागे शास्त्र आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत इंग्रजी शिकवण्याचा एक प्रयोग चालवला. तो बंगळूर प्रकल्प म्हणून जगभर ओळखला जातो. त्यात मुलांना व्याकरण न शिकवता कामं दिली जात. एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे पोहोचवायची, हा त्या कामांचा एक प्रकार. आपल्या चिठ्ठ्या म्हणजे तेच. आता प्रभूंचं नाव घेतलंच आहे तर हेही सांगायला हवं की मुलांनी आपापसात गटात बोलावं याला ते फारसे अनुकूल नव्हते. मुलं एकमेकांच्या चुका पक्क्या करतील, ही त्यांची भीती. ती खोटी नाही. तिच्यावरचा उतारा पुढे 'दुसरी फेरी'त येईल.

माझ्या डब्यातल्या तीन जोड्या देते. तशाच्या तशा वापरल्यात तरी चालेल.

मंडई, सुरुवातीच्या पातळीसाठी:

*गिऱ्हाईक.* रात्री घरी पाहुणे आहेत. मेथीच्या दोन जुड्या आणि पाव किलो टोमॅटो हवेत. खिशात शंभराची एकच नोट आहे, पण हे सांगायचं नाही.

*भाजीवाली मावशी.* मेथी सकाळची आहे, ती आता खपवायची आहे. टोमॅटो अर्ध्या किलोच्या खाली देत नाही. सुट्टे पैसे नाहीत.

बँक, मधल्या पातळीसाठी. नोव्हेंबर महिना, निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या हयातीच्या दाखल्याची गर्दी:

*कर्मचारी.* यंत्रावर आजोबांचा अंगठा उठत नाही. त्यांना न दुखावता दुसरा मार्ग सांगायचा. मागे दहा माणसं उभी आहेत.

*आजोबा.* ही तिसरी खेप. कमी ऐकू येतं. काम सांगण्याआधी मागच्या दोन खेपांची हकिकत सांगायची. कुणी मध्येच तोडलं तर चिडायचं. नीट ऐकून घेतलं तर लगेच निवळायचं.

वॉर्ड, त्याच पातळीसाठी:

*सिस्टर.* रात्री आठची गोळी द्यायची आहे. ती उपाशीपोटी द्यायची नाही. आजींनी काही खाल्लंय का, हे तुम्हाला माहीत नाही.

*आजी.* गोळी घ्यायची नाही. काल ती घेतल्यावर मळमळलं होतं. पण 'का नको?' असं विचारल्याशिवाय कारण सांगायचं नाही.

या तिसऱ्या जोडीत काय होतं पाहा. सिस्टर झालेल्या बाई आधी 'गोळी घ्या, गोळी घ्या' करत राहतात. आजी 'नको' म्हणत राहते. कधीतरी सिस्टरला सुचतं, 'का नको आजी? काल त्रास झाला का?' आणि गाठ सुटते. प्रश्न विचारायची सवय व्याकरणाच्या तक्त्यातून लागत नाही, ती अशी अडल्यावरच लागते. शिवाय 'नको' आणि 'नाही' यांतला फरक फळ्यावर कितीही समजावला तरी डोक्यावरून जातो; या प्रसंगात तो पाच मिनिटांत अंगात भिनतो.

चिठ्ठी लिहिताना तीन पथ्यं मी पाळते. पहिलं, चार ओळींच्या वर जायचं नाही. दुसरं, अगदी नवख्यांसाठी चिठ्ठी त्यांच्या भाषेत किंवा हिंदीत लिहायची. मराठीत लिहिली की ते चिठ्ठीच वाचून दाखवतात. तिसरं, नाव बदलायचं. बल्गेरियाचे शिक्षणतज्ज्ञ गिओर्गी लोझानोव्ह आपल्या वर्गात शिकणाऱ्यांना नवं नाव आणि नवा पेशाच देत. त्यांच्या पद्धतीतल्या सगळ्याच गोष्टी मला पटत नाहीत, पण ही पटते. चूक 'सुलभाताई भाजीवाली'ची होते, आपली होत नाही. पन्नाशीच्या बँक अधिकाऱ्याला वर्गात चुकायची जी लाज वाटते ती अर्धी इथेच गळते.

तयारीची दहा मिनिटं

प्रसंगाला लागतील तेवढेच शब्द फळ्यावर. आठ-दहा, जास्त नाहीत. मंडईसाठी जुडी, पाव, अर्धा, पाऊण, सुट्टे, शिळी, ताजी, पिशवी. आणि तीन-चार तयार तुकडे, जे नुसत्या व्याकरणातून कधीच निघणार नाहीत.

'मेथी कशी दिली?' हा त्यातला पहिला. अजून दिलेली नाही, तरी भूतकाळ. अमराठी माणूस 'मेथी कितने का' याचं भाषांतर करून 'मेथी कितीला आहे?' म्हणतो, कळतं सगळ्यांना, पण 'कशी दिली' म्हटलं की भाजीवाली मान वर करून बघते. तसंच 'थोडं बघा ना', 'राहू द्या', 'चालेल'. निघताना 'येते' किंवा 'येतो' म्हणायचं, 'जातो' नव्हे, हेही इथेच सांगून टाका. सकाळच्या प्रसंगात भाजीवालीच्या तोंडी 'भवानीची वेळ आहे, घासाघीस नको' असं वाक्य घालते. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, हे सांगताना वर्गातले गुजराती, कन्नड, बंगाली आपापल्या भाषेत त्याला काय म्हणतात ते सांगू लागतात. तिथे पाच मिनिटं जातात. जाऊ द्यावीत.

आकड्यांचं काय करायचं हा मोठाच प्रश्न आहे. सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन, साडेतीन. दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे. हिंदी येणाऱ्यांना यातले बरेच ओळखीचे वाटतात, दाक्षिणात्यांना सगळंच नवं. त्यात एकोणतीस, एकोणसाठ, एकोणऐंशी. मी पाढे म्हणून घेत नाही. मंडईच्या चिठ्ठीत भाव मुद्दाम असे घालते: मेथी पस्तीसला, दोन घेतल्या तर साठला, टोमॅटो अर्धा किलो एकोणचाळीसला. खिशातली नोट शंभराची. आता साठ आणि एकोणचाळीस म्हणजे किती, हे चुकलं तर खेळच अडतो. म्हणून ते चुकत नाही.

तयारीत पूर्ण संवाद द्यायचा मोह आवरा. दिलात तर पहिल्या फेरीत सगळे तोच म्हणतील, आणि आपण पुन्हा स्नेहसंमेलनात.

आधी स्वतः करून दाखवा, आणि जरा फसा

वर्गातल्या एका धीट माणसाला बोलावून तुम्ही स्वतः एक प्रसंग करा. दोन मिनिटं पुरे. त्यात मुद्दाम अडखळा. शब्द आठवला नाही तर काय करायचं ते दाखवा: 'ते… हिरवं असतं ना, कोशिंबिरीत घालतात…' शब्द अडल्यावर वळसा घालून अर्थ सांगणं हे शिकणाऱ्याचं सगळ्यात उपयोगी हत्यार आहे. 'पुन्हा सांगाल का?', 'जरा हळू बोला ना', 'म्हणजे काय?' ही तीन वाक्यंही इथेच वापरून दाखवा. शिक्षक फसला आणि तरीही काम झालं, हे पाहिलं की वर्ग सैलावतो.

पहिली फेरी

सगळ्या जोड्या एकाच वेळी बोलतात. समोर बोलावून एकेका जोडीचा तमाशा करायचा नाही. त्यात दोघं बोलतात आणि बाकीचे मोबाइल बघतात. खुर्च्या समोरासमोर. फोनवरचा प्रसंग असेल तर पाठीला पाठ लावून, म्हणजे चेहरा आणि हातवारे यांचा आधार जातो. वेळ पाच ते सात मिनिटं. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावतं. त्यांना सांगून ठेवा.

या वेळात शिक्षकाचं काम गप्प बसणं. मला हे जमायला सर्वाधिक वेळ लागला. कुणी 'मी गोळी घेतलो' म्हटलं की तोंडातून 'घेतली' निघतंच. पण मध्ये बोललात की तो माणूस आजीकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघू लागतो आणि पुढचं प्रत्येक वाक्य तुमच्या तोंडाकडे बघत बोलतो. वही घेऊन फिरा. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं टिपा, बोलणाऱ्याचं नाव टिपू नका. चांगली वाक्यंही टिपा.

एकच अपवाद: जोडी पूर्ण ठप्प झाली तर तिसरी व्यक्ती होऊन आत शिरा. आजीची सून, शेजारच्या गाळ्याची भाजीवाली, रांगेतले चिडलेले काका. शिक्षक म्हणून मदत करू नका.

फळ्यावरची चर्चा

वहीतली पाच-सहा वाक्यं फळ्यावर लिहायची. कुणाची ते सांगायचं नाही. वर्गानंच ती दुरुस्त करायची. माझ्या वहीत सतत येणाऱ्या काही जागा सांगते, म्हणजे तुमचे कान तयार राहतील.

'आजी गोळी घेतल्या.' इथे 'आजींनी गोळी घेतली' हवं. 'मी सांगितलो' ऐवजी 'मी सांगितलं', पण 'मी म्हणालो' मात्र बरोबर. हा खड्डा सगळ्यांसाठी आहे, आणि त्याला नियमाची पाटी लावून फारसा उपयोग होत नाही. चाळीस वेळा त्यात पडून माणूस शिकतो. 'दोन किलो कांदे पाहिजे' म्हटलं तर बाजारात भागतं, मी फार अडत नाही. 'पाहिजेत' कानावर पडत राहील एवढं बघते. 'आम्ही चहा घेऊ या' मात्र लगेच दुरुस्त करते, कारण 'आपण' आणि 'आम्ही' यांत समोरचा माणूस आत आहे की बाहेर, हे ठरतं. तमिळ, तेलुगू, मल्याळम बोलणाऱ्यांना हा भेद त्यांच्या भाषेतूनच माहीत असतो, गुजरात्यांनाही. हिंदीवाल्यांकडे एकच 'हम' असल्यामुळे त्यांना वेळ लागतो. उलट 'ळ' दाक्षिणात्यांना सहज येतो आणि उत्तरेकडच्यांची 'केळी' बराच काळ 'केली' राहतात.

सगळ्या चुका काढायच्या नाहीत. ज्या चुकीमुळे समोरच्याचा गैरसमज झाला किंवा त्याला अपमान वाटला असता, ती आधी. तू-तुम्हीची गफलत लिंगाच्या चुकीपेक्षा मोठी. टेबल 'तो' की 'ते' यावर मराठी माणसंही एकमत होत नाहीत.

दुसरी फेरी

आपल्याकडे रोल प्ले इथे, चर्चेपाशी संपतो. घंटा होते, सगळे उठतात. खरं शिकणं मात्र पुढच्या दहा मिनिटांत असतं, आणि पहिल्या फेरीची दोन मिनिटं कापावी लागली तरी ही फेरी कापू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

प्रसंग तोच, जोडीदार वेगळा, आणि भूमिका उलटी. जो आजी होता तो आता सिस्टर. पहिल्या फेरीत डोकं 'काय बोलू' यात गुंतलेलं असतं, 'कसं बोलू' याला जागाच नसते. दुसऱ्यांदा मजकूर ओळखीचा असतो, त्यामुळे फळ्यावर नुकतंच दुरुस्त केलेलं 'घेतली' आपोआप तोंडात येतं. प्रभूंच्या भीतीवरचा उतारा तो हाच: चूक पक्की व्हायच्या आत ती फळ्यावर येते आणि लगेच बरोबर बोलायची संधी मिळते.

कंटाळा येऊ नये म्हणून अडचणीची ओळ बदला. मेथी आता ताजी आहे पण महाग. आजींनी काही खाल्लेलंच नाही. आजोबांबरोबर इंग्रजीत बोलणारा नातू आला आहे. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला ही बदललेली ओळ आधीच लिहून ठेवायची. 'चिठ्ठी उलटा' म्हटलं की झालं.

तासाभराची विभागणी साधारण अशी बसते: तयारी १० मिनिटं, नमुना ५, पहिली फेरी ७, चर्चा १५, दुसरी फेरी १०, शेवटच्या गप्पा ५. उरलेली मिनिटं खुर्च्या ओढण्यात आणि चिठ्ठ्या हरवण्यात जातात.

जे बिघडतं ते

*बुजणारा माणूस.* त्याला कमी बोलायची पण महत्त्वाची भूमिका द्या. मीटरनंच येणारा अबोल रिक्षावाला, ज्याच्याकडून पत्ता काढून घ्यावा लागतो. कुणालाही वर्गासमोर उभं करू नका.

*सगळं स्वतःच बोलणारा.* त्याला कमी ऐकू येणाऱ्या आजोबांची भूमिका. किंवा निरीक्षक. जोड्या जुळत नसतील, एक जण उरत असेल, तर तिसऱ्याला कान देण्याचं काम द्या: 'सिस्टरनं किती प्रश्न विचारले ते मोजा', 'तू आणि तुम्ही कुठे बदललं ते टिपा'. शाळेतल्या चाळीस मुलांच्या वर्गात तर तिघातिघांचे गटच बरे पडतात. दोघं बोलतात, तिसरा मोजतो, मग पाळी फिरते.

*हिंदीवर घसरणं.* दंड ठेवू नका, लाज वाटते. मी प्रत्येकाला पहिल्या महिन्यात तीन खडे देते. हिंदी शब्द हवा असेल तर एक खडा वाटीत टाकायचा आणि शब्द वापरायचा. खडे संपले की वळसा घालून सांगायचं. सहाव्या आठवड्यापर्यंत वाट्या बहुधा रिकाम्या असतात.

*टिंगल.* भाजीवालीचा आवाज काढताना कुणी खेडवळ हेल काढून हशा मिळवतो, कुणी कामवाल्या बाईंची नक्कल करतो. मी ते तिथेच थांबवते. ज्यांच्याशी बोलायला आपण शिकतोय त्यांनाच हसलो तर उद्या त्यांच्यासमोर तोंड उघडणार कसं? हेल वेगळा असतो, शब्द वेगळे असतात, हे शिकवायचं असेल तर खरं ऐकवा. नागपूरचं 'करून राहिलो', कोल्हापूरचं 'काय म्हणतोस भावा' हे चूक मराठी नव्हे, हेही एकदा सांगून टाकावं.

*अती खरं.* घरभाड्यासाठी गेल्यावर आलेला कडू अनुभव, रुग्णालयातला मृत्यू असे प्रसंग वहीत येतात. ते चिठ्ठीवर घालण्याआधी सांगणाऱ्याला विचारा. माझी एकदा चूक झाली आहे. बाई वर्गातून उठून गेल्या.

ऑनलाइन वर्गात हे सगळं होतं, थोडं लंगडत. छोट्या खोल्या करून जोड्या पाडायच्या, चिठ्ठी प्रत्येकाला खासगी संदेशातून पाठवायची. कॅमेरा बंद ठेवून फोनवरचे प्रसंग घेतले तर मात्र ते प्रत्यक्ष वर्गापेक्षा चांगले होतात.

गुण द्यायचेच असतील तर व्याकरणाला नको. काम झालं का, समोरच्याला मान राहिला का, अडल्यावर वाट काढली का, या तीन प्रश्नांना हो-नाही पुरे. दर महिन्याला तोच प्रसंग पुन्हा घेऊन आवाज मुद्रित करा आणि पहिल्या महिन्याचा ऐकवा. माणसं स्वतःला ओळखत नाहीत.

आणि मग मंडईत

गृहपाठ एकच: आठवड्यात हाच प्रसंग बाहेर एकदा खरा करायचा आणि पुढच्या तासाला येऊन काय झालं ते सांगायचं. इथे एक अडचण हमखास येते, आणि ती शिकणाऱ्यांची नसते. समोरचं गिऱ्हाईक अडखळतंय असं दिसलं की मराठी माणूस लगेच हिंदीत बोलायला लागतो. प्रेमानंच, सोय म्हणून. 'मी मराठीत विचारलं, मावशींनी हिंदीत सांगितलं' ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की शेवटी तिचीच चिठ्ठी केली. ती आता प्रत्येक तुकडीला पहिल्या महिन्यातच मिळते:

*दुकानदार.* गिऱ्हाईक मराठी नाही हे तुम्ही लगेच ओळखलंय. काही झालं तरी हिंदीतच बोला. ते जर म्हणाले की 'दादा, मी मराठी शिकतोय, जरा मराठीतच बोला ना', तर हसा, मराठीवर या, आणि दोन रुपये कमी करा.